बाणाचं तोंड

परीक्षा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचे हाल जास्त होतात, असं एको आर्कोफुल गेली एकोणीस वर्षं सांगत आला होता आणि आजवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. टाकोराडीच्या तांत्रिक शाळेच्या त्या लांबलचक हॉलमध्ये आजचा तिसरा दिवस. एकेचाळीस कारागीर, एकेचाळीस टेबलं, प्रत्येकावर एक मुद्दाम बिघडवलेला ॲम्प्लिफायर. छताचे पंखे सकाळपासून बंद. पंखे दुरुस्त करू शकतील अशी बेचाळीस माणसं खाली बसलेली, पण शिडी कोठीत आणि कोठीची किल्ली ज्याच्याकडे तो मयताला गावी गेलेला. एकोने बूट काढून पाय टेबलाखाली गार फरशीवर टेकवले होते. त्याला घरी जायचं होतं. त्याहून जास्त, त्याला आज इथे यायचंच नव्हतं.

कारण एकतिसाव्या टेबलावर मास्टर एसिल्फी बसले होते.

सेकोंडीच्या रेल्वे वस्तीत क्वामेना एसिल्फींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सगळ्यांना ठाऊक. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. एकोच्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची सळई दिली ती ह्याच माणसाने. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एको त्यांच्या दुकानात झोपला, त्यांच्या ताटात जेवला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि तिथूनच कॉलेजात गेला. सकाळी हॉलच्या दारात मास्टरांनी त्याला पाहिलं तेव्हा सगळ्यांसमोर टोपी काढून म्हणाले, "नमस्कार, सर."

एकोला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. पण तोही "नमस्कार" म्हणाला आणि यादीवर खूण केली.

सत्तरीच्या म्हाताऱ्याला परीक्षेला बसायची हौस नव्हती. कारागिरांच्या संघटनेने यंदापासून नियम काढला होता, की ज्या मास्टरकडे स्वतःचा सरकारी दाखला नाही त्याने शिकाऊ माणसाला शिक्षण पुरं झालं म्हणून मोकळं करायचं नाही. आणि मास्टरांच्या हाताखाली अराबा होती. तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, तीन वर्षं पुरी करून बसलेली. मास्टरांनी मोकळं केल्याशिवाय तिला स्वतःच्या नावाची पाटी लावता येत नव्हती. केप कोस्टच्या रस्त्यावर तिने जागासुद्धा बघून ठेवली होती. म्हणून मास्टर आले होते.

प्रात्यक्षिकात त्यांनी बहार केली. ॲम्प्लिफायर उघडला, वास घेतला, मीटरची दोन टोकं तीन ठिकाणी टेकवली, जळका ट्रान्झिस्टर उपटला, नवा बसवला. अकरा मिनिटं! शेजारचे तरुण कारागीर अजून स्क्रू काढत होते. एकोने कागदावर शंभरपैकी अठ्ठ्याण्णव लिहिले. दोन कापले ते फक्त आपण ओळखीचे वाटू नये म्हणून, आणि लिहून झाल्यावर त्याला त्याची लाज वाटली.

मग लेखी पेपर आले. मास्टरांचा पेपर उघडण्याआधीच एकोला ठाऊक होतं आत काय असणार.

सोबतच्या परीक्षक बाइडू बाई चटपटीत होत्या. एका हाताने शेंगदाणे खात दुसऱ्या हाताने पेपर तपासत होत्या. एकतिसाव्या नंबरचा पेपर त्यांच्याच गठ्ठ्यात निघाला.

"आर्कोफुलसर, हे बघा. इतक्या शिस्तीत चुका करणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता."

एकोने पाहिलं. अक्षर तेच, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. आकृत्या पेन्सिलीने, फूटपट्टी लावून. ट्रान्झिस्टरची खूण साधी असते. एक गोल, आत एक उभी रेघ, आणि तीन पाय, बेस, कलेक्टर आणि एमिटर. एमिटरच्या पायावर एक छोटा बाण. बाणाचं तोंड बाहेर असलं तर ती एनपीएन जात, आत असलं तर पीएनपी. पहिल्या महिन्याचा धडा. मास्टरांनी सगळ्या एनपीएनचे बाण आत काढले होते आणि सगळ्या पीएनपीचे बाहेर. बॅटरीच्या आकृतीत वीज वजाकडून निघून अधिककडे चालली होती. चौदा आकृत्या, चौदाही उलट्या.

"एखादी बरोबर आली असती तर म्हटलं असतं अंदाजाने लिहिलंय," बाई म्हणाल्या. "पण हा बाबा पक्का आहे. ह्याला कुणीतरी असंच शिकवलंय. काय हो, सेकोंडीचे दिसतात, तुमच्या ओळखीचे का?"

"गावातले आहेत," एको म्हणाला.

"मग तुम्हीच दाखवा त्यांना पेपर. नापास झालेल्याला पेपर दाखवून सही घ्यायची असते, तेवढं करा. मी प्रात्यक्षिकाचे कागद ऑफिसात देऊन येते." बाईंनी तेवीस आकड्याभोवती लाल गोल काढला. पास व्हायला लेखीत चाळीस लागत. प्रात्यक्षिकाचे मार्क लेखीत चालत नसत. शेंगदाण्यांची पुडी पर्समध्ये टाकून त्या गेल्या.

रिकाम्या हॉलमध्ये एको पेपर समोर घेऊन बसला. गावातले आहेत म्हणे! ज्या माणसाने मोकळं करण्याच्या दिवशी त्याला छातीशी धरलं होतं, तो गावातला!

तो दिवस एकोला चांगला आठवत होता. सगळेच मास्टर मोकळं करताना शिष्याच्या डोक्या-खांद्यावर पांढरी पावडर टाकतात, आयाबाया गाणी म्हणतात, मास्टर प्रार्थना करून हातात अवजारांची पेटी देतात. एसिल्फींची आणखी एक स्वतःची रीत होती. ते पावडरीत बोट बुडवून शिष्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला ट्रान्झिस्टर काढायचे. गोल, तीन पाय, आणि सगळ्यात शेवटी बाण. बाण काढताना त्यांचं बोट थांबायचं आणि ते म्हणायचे, "वीज कुठून कुठे जाते हे ज्याला कळलं, त्याचं कुठेही अडत नाही." एकोने तो हात दोन दिवस धुतला नव्हता.

तो बाण आत तोंड केलेला होता, आणि मास्टर त्याला एनपीएन म्हणाले होते.

मास्टर जे शिकले ते एका पुस्तकातून. टाकोराडी बंदरात आलेल्या जहाजावरचा एक रेडिओवाला जाताना त्यांना एक पुस्तक देऊन गेला. पुठ्ठा नव्हता, आणि पुढची पानंही नव्हती. चाळिसाव्या पानापासून सुरू. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वीज वजाकडून अधिककडे वाहते. पण आकृत्यांतले बाण नेमके त्याच्या उलट. तरुण एसिल्फींनी आठवडाभर डोकं खाजवलं आणि निकाल लावला की छापणाऱ्याने घोळ केलाय. मग त्यांनी पेन्सील घेऊन पुस्तकातला एकूण एक बाण दुरुस्त केला. तीनशे पानं! कारखान्याकडून रेडिओचे नकाशे आले तरी तेच. "हे लोक उलटा काढतात, आपण सुलटा करून घ्यायचा," असं ते शिष्यांना सांगत. आणि गंमत अशी, की सगळंच सारखं उलटं असल्यामुळे रेडिओ वाजायचा. वाजणाऱ्या रेडिओपुढे कोण शंका काढणार?

एकोला ते कळलं कॉलेजच्या पहिल्या वर्षी. प्राध्यापकांनी त्याचा पेपर वर्गासमोर धरून विचारलं होतं, "ही नवी जात कुणी शोधून काढली?" वर्ग खदखदून हसला. त्या नाताळात तो सेकोंडीला गेला तो मास्टरांना सांगायचंच असं ठरवून. पण मास्टर गिऱ्हाइकांना बाहीला धरून सांगत होते, "हा आमचा एको. कॉलेजात आहे. विचारा काय विचारायचं ते." एकोने मूग गिळले. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. नंतर तर तो हा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगायला लागला, 'एक म्हातारा होता' असं म्हणून, नाव न घेता. लोक हसायचे. तोही हसायचा.

दार वाजलं. पेपर बघायला बोलावलेले मास्टर टोपी हातात घेऊन आत आले.

"बसा, मास्टर."

"उभाच बरा. बसलो की गुडघे उठू देत नाहीत." त्यांनी पेपर उचलून डोळ्यांजवळ नेला. "लाल फारच दिसतंय, सर."

"सर म्हणू नका हो."

"बरं. लाल फारच दिसतंय, पोरा."

"बाण, मास्टर. सगळे बाण उलटे आहेत."

"उलटे कसे? वीज वजाकडून अधिककडे जाते. जाते की नाही?"

"जाते. म्हणजे इलेक्ट्रॉन जातात तसे. पण चित्रातला बाण इलेक्ट्रॉनचा नसतो. इलेक्ट्रॉन सापडायच्या आधीच लोकांनी ठरवून टाकलं होतं की वीज अधिककडून वजाकडे वाहते. खरं काय ते पुढे कळलं, पण तोवर सगळ्या जगाची चित्रं त्या ठरावाने निघाली होती. मग तेच राहू दिलं. बाण अजून त्या जुन्या ठरावाचा आहे."

मास्टरांनी पेपरातल्या एका बाणावरून बोट फिरवलं.

"म्हणजे चूक त्यांची."

"एका अर्थी, हो."

"आणि नापास मी."

"हो, मास्टर."

म्हातारा हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलले. "हे पुस्तकात कुठे लिहिलेलं असतं?"

"पहिल्याच धड्यात. पंधरा-वीस पानांच्या आत."

"अच्छा. माझं चाळीसपासून सुरू होतं." त्यांनी पेपर टेबलावर ठेवला, कडा सरळ केल्या. मग चष्मा काढून शर्टाने पुसला आणि पुसता पुसता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. एको इतका थकला होता की त्याला खोटं सुचलं नाही.

"कॉलेजच्या पहिल्या वर्षी."

मास्टरांनी चष्मा परत चढवला. ओठ हलले. हिशेब चालला होता.

"सत्तावीस वर्षं झाली. तुझ्यानंतर मी अकरा जणांना मोकळं केलं. अकरा हातांवर बाण काढला. त्यातल्या तिघांच्या वेळी तू पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीत होतास." त्यांनी एकोकडे पाहिलं. "टाळ्या वाजवत होतास, एको."

एकोने ड्रॉवर उघडला, खोडरबर काढलं आणि पेपर पुढे ओढला. पेन्सिलीचं काम. बाणाचं तोंड म्हणजे दोन बारक्या रेघा. चौदातले सहा फिरवले तरी पुरे. बाइडू बाईंना सांगता येईल की तपासताना नजरचूक झाली. अराबाची पाटी लागेल, म्हाताऱ्याचा मान राहील, आणि सत्तावीस वर्षांची ही कटकट एकदाची संपेल.

"काय करतोस?"

"सहाच, मास्टर. कुणाला कळणार नाही."

"बाई येऊ देत," मास्टर म्हणाले. "त्यांच्यासमोर खोड."

खोडरबर कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"नाही ना जमत? मग ठेव ते. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे हसलास, आता माझ्या पाठीमागे पास करतोस. एकदा तरी तोंडावर काही कर की." आवाज चढला नव्हता. चढला असता तर एकोला बरं वाटलं असतं. "सही कुठे करायची?"

त्यांनी सही केली. दारातून वळून म्हणाले, "शनिवारी सकाळी दुकानात ये. अकराही जणांचे नंबर आहेत माझ्या वहीत. त्यांना तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील म्हातारा चळला."

एकोने खोडरबर खिशात टाकलं, बुटांत पाय घातले, आणि बाइडू बाई येईपर्यंत एकही पेपर तपासला नाही.

शनिवारी वस्तीत नेहमीप्रमाणे कुणाचं तरी मयत होतं. काळ्या-लाल कपड्यांतली माणसं घोळक्याने चाललेली, आणि लाउडस्पीकरवाला मास्टरांच्या दारात थांबून एक वायर जोडून घेत होता. दुकानाच्या पाटीवर हातभर उंचीचा ट्रान्झिस्टर रंगवलेला. आत तोंड केलेला बाण, तिशी ओलांडलेला. एकोने वर न बघता उंबरा ओलांडला. काखेत त्याचं पहिल्या वर्षाचं पुस्तक होतं, पुठ्ठ्यासकट.

अराबा टेबलाशी बसून एक रेडिओ खोलत होती. "या, सर. केंके आणू? गरम आहे."

"नको," एको म्हणाला. पण मास्टर म्हणाले, "आण त्याला. उपाशी पोटी काय सांगणार आहे?" आणि तिने केळीच्या पानात बांधलेला, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा केंके, तळलेला मासा आणि मिरचीची चटणी समोर ठेवली. एकोने पान बाजूला सारून फोन काढला.

"फोनचा आवाज मोठा कर," मास्टर म्हणाले. "मलाही ऐकायचंय, कोण काय म्हणतं."

पहिला नंबर कोबिना एशुनचा. टार्क्वाला खाणीत वायरलेस दुरुस्त करणारा, दणदणीत आवाजाचा माणूस. एकोने घसा साफ करून सुरुवात केली, की मास्टरांनी आपल्याला ट्रान्झिस्टरचा बाण शिकवला होता ना, तर तो…

"उलटा आहे!" कोबिना तिकडून मोठ्याने हसला. "अहो, ते मला पहिल्याच नोकरीत कळलं. साहेबाने नकाशा माझ्या अंगावर फेकला होता. का हो, काय झालं? म्हाताऱ्याला कुणी सांगितलं तर नाही ना? सांगू नका हां, एकोदादा. जीवाला लावून घेईल."

एकोने फोन ठेवला. मास्टरांनी वहीतल्या नावापुढे रेघ मारली आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं.

दुसरी एफुआ, केप कोस्टला फ्रीज दुरुस्त करणारी. "अय्या, तो बाण! आम्ही चौघं नाताळाला भेटलो की त्यावरून हसतो. पण मास्टरांना कळू देऊ नका, तुम्हाला शपथ आहे. एवढं प्रेमाने हातावर काढला होता त्यांनी." तिसऱ्याने धंदा सोडून जुने कपडे विकायला घेतले होते, त्याला कसला बाण तेच आठवेना, आणि त्याने एकोला दोन जीन्स घ्यायचा आग्रह केला. चौथ्याला ठाऊक होतं. पाचव्यालाही ठाऊक होतं. पाचवा म्हणाला, "मला वाटलं, फक्त मलाच कळलंय."

"पुरे," मास्टर म्हणाले.

बाहेर लाउडस्पीकर एकदा किंचाळला आणि सुरू झाला. भजन लागलं. मास्टरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि एकोला वाटलं की आपण आत्ताच्या आत्ता इथून नाहीसं व्हावं.

"अराबा," मास्टर मान न वळवता म्हणाले. "तुला?"

अराबाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"दोन वर्षं झाली, मास्टर. फोनवर बघितलं होतं."

"आणि परवा परीक्षेला निघालो तर माझा शर्ट इस्त्री करून दिलास."

"हो."

"मी नापास झालो तर तुझंच अडणार होतं. हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो, मास्टर."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"कशी बोलणार?" अराबाचे डोळे भरून आले होते. "तुम्ही शिकवत होतात."

मास्टरांनी मांडीवरची वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "एवढा मान कुणी मागितला होता रे तुमच्याकडे? मी मागितला होता? एकाने तरी येऊन म्हणायचं, की म्हाताऱ्या, चुकतोयस. मी दोन शिव्या दिल्या असत्या. रात्री उठून बसलो असतो. सकाळी पाटी रंगवली असती. संपलं असतं!" त्यांना धाप लागली. "दुसरी परीक्षा कधी?"

"नोव्हेंबरात," एको म्हणाला. "मास्टर, मी रोज संध्याकाळी येत जाईन. माझं कामच आहे ते. मी शिकवतो तुम्हाला."

"तू सर आहेस. तू नोव्हेंबरात ये, पेपर तपासायला." त्यांनी हात पुढे केला, एकोच्या काखेतलं पुस्तक घेतलं, पुठ्ठा उलटा-सुलटा करून पाहिला आणि टेबलावर अराबापुढे ठेवलं. "ही शिकवेल. काढ पहिलं पान."

अराबाने डोळे पुसले, रेडिओ बाजूला सारला आणि पुस्तक उघडलं. वाचता वाचता ती बोट ओळीवरून फिरवत होती आणि मास्टर मान हलवत होते. एको उभाच होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने अराबाने एक कोरा कागद ओढून त्यावर गोल काढला, उभी रेघ काढली, तीन पाय काढले आणि पेन्सील मास्टरांच्या हातात दिली.

"एनपीएन आहे. बाण तुम्ही काढा."

मास्टरांनी चष्मा वर सरकवला, कागदावर वाकले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने, फूटपट्टीशिवाय, सुरेख बाण काढला. आत तोंड केलेला.

अराबाने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"चुकलं, मास्टर," ती म्हणाली. "पुन्हा काढा."

मास्टरांनी वर पाहिलं. मग हात पसरून खोडरबर मागितलं. टेबलावर शोधाशोध झाली, अराबाने ड्रॉवर उपसला, तिथे नव्हतं. ते एकोच्या खिशात होतं. त्याने ते काढून पुढे केलं.